ओला कचरा: सोसायटीत खत की शहराचा बायोगॅस?

पुण्यात हा प्रश्न शहरालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी उभा केला. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पडत होता आणि त्यांच्या विहिरींचं पाणी नासत होतं. त्यामुळे निवड करताना मी आधी एकच बघते: कचरा किती लांब जातो?

सोसायटीतल्या खताचा फायदा इथेच आहे. ओल्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असतं आणि ते ट्रकने वाहून न्यायचं म्हणजे डिझेल जाळणं. पिंपात कचऱ्याच्या थरावर सुका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकलं, अधूनमधून खालीवर केलं, की वास येत नाही. पाला कमी पडला तर मात्र खालून काळं पाणी पाझरतं, अळ्या होतात आणि आठवड्यात सभासदांच्या तक्रारी सुरू होतात. रोज लक्ष घालणारा माणूस हवाच, आणि त्याला नीट पगारही.

बायोगॅसला इंदूरचं उदाहरण आहे. तिथे २०२२ मध्ये रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. पण त्यामागे घराघरांत झालेलं काटेकोर वर्गीकरण आहे. प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यावर असा प्रकल्प नीट चालत नाही.

मोठ्या सोसायट्यांनी खतच करावं, असं माझं ठाम मत आहे. पेठांतले वाडे, वस्त्या, भाजी मंडई यांच्याकडे जागाच नाही, त्यांच्यासाठी बायोगॅस. दोन्हीकडे कचरा वेगळा करून पोहोचवणाऱ्या, २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेत संघटित झालेल्या कचरावेचकांचं काम टिकलंच पाहिजे.