सीताबर्डीच्या फ्रेमवाल्याकडे उत्तर अटलांटिक

नागपुरातील सीताबर्डीच्या एका गल्लीतील फ्रेमच्या दुकानातून मी अमेरिकी चित्रकार अँटन ओट्टो फिशर यांच्या एका सागरचित्राची १८ बाय २४ इंचांची प्रत छापून घेतली. काम अखेरीस चांगले झाले; मात्र पहिली प्रत मला परत करावी लागली.

फिशर १८८२ साली जर्मनीत जन्मले, लहानपणीच अनाथ झाले, किशोरवयातच जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. तेथे चित्रकार ए. बी. फ्रॉस्ट यांच्याकडे पडेल ते काम करता करता त्यांना या कलेची वाट सापडली. नंतर पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँमध्ये ते रीतसर शिकले. दुसऱ्या महायुद्धात, ऐन साठीत, ते अमेरिकी तटरक्षक दलात लेफ्टनंट कमांडर झाले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये ‘कॅम्पबेल’ या जहाजाची जर्मन पाणबुडीशी टक्कर होऊन इंजिनघरात पाणी शिरले, तेव्हा ते त्याच जहाजावर होते. माझे चित्र त्या सफरीवरचे आहे.

दुकानदारांनी ‘ब्राइट केलं की उठून दिसते’ म्हणून परस्पर रंग खुलवले होते. त्यामुळे हिवाळी अटलांटिकचे राखाडी-हिरवे पाणी कॅलेंडरवरच्या गोव्यासारखे निळेशार झाले, आणि लाटेच्या माथ्यावरील फेसाखालचा काळपट पट्टा, ज्यावरून लाटेची उंची कळते, तो पुसलाच गेला. अंबाझरी-फुटाळा तलावांचे पाणी पाहून वाढलेल्या आपल्या मंडळींना समुद्र निळाच हवा असतो, हे मला ठाऊक आहे (पहिल्या मुंबईवारीत चौपाटीचे पाणी पाहून मीही खट्टू झालो होतो). परंतु फिशर यांनी ते अटलांटिकचे पाणी डेकवरून पाहिले होते.

तक्रार मात्र दुकानदारांनी शांतपणे ऐकून घेतली, मॅट कागदावर वीतभर नमुना काढून दाखवला आणि दुसऱ्या प्रतीचे पैसे घेतले नाहीत. आमची खिडकी पश्चिमेला आहे हे कळताच साध्या काचेऐवजी न चमकणारी काच त्यांनीच सुचवली. संध्याकाळच्या उन्हातही आता लाटा स्पष्ट दिसतात. सागवानी पट्टीचे कोपरे इतके नेमके जुळले आहेत की सांध्यावर नख अडकत नाही. चार दिवसांचा उशीर झाला, तो लग्नसराईमुळे असावा. फ्रेम टांगायचा मागचा आकडा तेवढा वजनाच्या मानाने बारीक आहे; फ्रेम नेताना तो तेथेच बदलून मागावा.