थॉटसीझ की इन्क्विझिशन: मॉडर्नच्या काळ्या डेकमध्ये चार कुणाचे आणि दोन कुणाचे

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात मॉडर्न फॉरमॅटसाठी जंड, म्हणजे काळा-लाल-हिरवा डेक, बांधताना डिस्कार्डला, म्हणजे समोरच्याच्या हातातलं कार्ड टाकायला लावणाऱ्या कार्डांना, साधारण सहा जागा निघतात. सातवं-आठवं घातलं की पाचव्या-सहाव्या टर्नला, समोरच्याचा हात रिकामा असताना, डेकच्या वरून तेच हाती येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून ठरवायचं एवढंच उरतं की या सहांत थॉटसीझ चार ठेवायचे की इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक चार. दोन्ही एका मानाची (माना म्हणजे लँडमधून मिळणारी, कार्ड टाकायची किंमत), आणि दोन्ही समोरच्याचा हात बघून त्यातलं लँड सोडून एक कार्ड काढतात. थॉटसीझ कोणतंही काढतं, पण आपले दोन लाइफ घेतं; इन्क्विझिशन लाइफ घेत नाही, पण तीन किंवा त्याहून कमी मानाचंच कार्ड काढतं. पायोनिअर हा दुसरा फॉरमॅट खेळणाऱ्यांपुढे हा प्रश्न येत नाही, कारण तिथे इन्क्विझिशन चालतच नाही. ग्रीफ हा तिसरा पर्याय होता, पण ऑगस्ट 2024 मध्ये मॉडर्न आणि लेगसी या दोन्ही फॉरमॅटमध्ये त्याच्यावर बंदी आली. म्हणजे आपण पुन्हा 2007 आणि 2010 मधल्या या दोन जुन्या कार्डांपाशी येतो.

मी दोन्ही मांडण्या बराच काळ खेळलो आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण इन्क्विझिशनची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर मजबूत आहे.

जंडसारख्या तीन रंगांच्या डेकमध्ये पहिला टर्न कसा जातो बघा. फेचलँड (डेकमधून दुसरी लँड आणून देणारी लँड) फोडली, वीसपैकी एक लाइफ गेलं. तिने ब्लड क्रिप्ट ही लँड सरळ उभी, म्हणजे लगेच वापरता येईल अशी, आणली, आणखी दोन गेले. त्यावर थॉटसीझ टाकलं की पुन्हा दोन. समोरच्याने अजून एक कार्डही टाकलेलं नाही आणि आपण 15 वर. बर्न, म्हणजे थेट डॅमेज करणारा लाल डेक, समोर असला की हा हिशेब फार बोचतो. त्याच्या हातातला लाइटनिंग बोल्ट काढला म्हणजे तीन डॅमेज वाचवलं, पण त्यासाठी दोन आपणच सोसलं. एक कार्ड आणि एक माना खर्च करून निव्वळ एका लाइफची बचत. मी पुण्यात ज्यांच्याबरोबर खेळतो त्यांच्यात लाल डेक बरेच आहेत, कारण ते तुलनेने स्वस्तात उभे राहतात. अशा टेबलांवर इन्क्विझिशन हातात असणं किती सुखाचं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

बोरोस एनर्जी या लाल-पांढऱ्या डेकचंही तेच. गाइड ऑफ सोल्स, ऑसेलॉट प्राइड, अजानी, गॉब्लिन बम्बार्डमेंट, अगदी फ्लेजसुद्धा. सगळं तीनच्या आत. तिथे थॉटसीझ जे काढेल जवळपास तेच इन्क्विझिशन काढतं, आणि फुकट काढतं. (फ्लेज हातातून काढून निश्चिंत होऊ नका. ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगात, आणखी पाच कार्डं जमली आणि चार माना मिळाला की तो परत येतो. हा धोका दोन्ही कार्डांना सारखाच आहे.)

काही ठिकाणी इन्क्विझिशनची अट आपल्या फायद्याचीही ठरते. अमुलेट टायटन या डेकचा प्रायमीव्हल टायटन सहा मानाचा आहे, त्याला ते हात लावू शकत नाही. पण त्याला शोधून आणणारं समनर्स पॅक्ट शून्याचं आहे, आणि डिसेंबर 2024 मध्ये बंदी उठलेलं ग्रीन सन्स झेनिथ हातात असताना एकाचंच मोजलं जातं. दोन्ही सहज काढता येतात. गोर्योज व्हेंजन्स ग्रेव्हयार्डमधलं मोठं क्रीचर टेबलावर आणतं, म्हणून त्या डेकसमोर तर मोठं कार्ड काढायचंच नसतं. अट्रॅक्सा ग्रेव्हयार्डमध्ये पाठवली तर समोरच्याचं अर्धं काम आपणच करून देतो. तिथे दोन मानाचं गोर्योज काढायचं, आणि त्यासाठी इन्क्विझिशन पुरतं.

एवढं असूनही माझ्या डेकमध्ये आज चार थॉटसीझ आणि दोन इन्क्विझिशन आहेत. कारण एकच आहे. इन्क्विझिशन कार्डावर छापलेली किंमत बघतं, आणि आजच्या मॉडर्नमधली भीतीदायक कार्डं छापलेली किंमत भरतच नाहीत.

सॉलिट्यूड पाचाचं आहे, पण हातातलं एक पांढरं कार्ड बाजूला काढलं की आपल्याच टर्नमध्ये फुकटात उतरतं आणि आपला टारमोगॉइफ कायमचा घेऊन जातं. सटल्टी चारचं, तेही निळं कार्ड देऊन फुकट. मर्कटाइड रीजंट सातचा, आणि ग्रेव्हयार्ड भरलेलं असलं की दोन मानात येतो. लेलाइन बाइंडिंग सहाचं, पाचही प्रकारच्या लँड असल्या की एका मानाचं. सायन ऑफ ड्रेको बाराचा, तो त्याच हिशेबाने दोन मानात. ही सगळी कार्डं खेळात लवकर येतात, स्वस्तात येतात, आणि इन्क्विझिशनच्या दृष्टीने ती ‘महाग’ आहेत. तीनची मर्यादा ज्या काळात घातली गेली तेव्हा महाग कार्ड म्हणजे उशिरा येणारं कार्ड, हे गृहीतक बऱ्यापैकी खरं होतं. आता ते खरं राहिलेलं नाही.

डोमेन झू, म्हणजे या पाच प्रकारच्या लँडवर चालणारा डेक, समोर असला की मला हे सगळ्यात जास्त जाणवतं. त्याच्या प्रत्येक लँडला पाचही प्रकार देणारी लेलाइन ऑफ द गिल्डपॅक्ट सुरुवातीच्या हातातून थेट टेबलावर आलेली असते. मी पहिल्या टर्नला इन्क्विझिशन टाकतो, तो हात उघडून दाखवतो: लँड, टेरिटोरियल कावू, लेलाइन बाइंडिंग, सायन ऑफ ड्रेको. घेता येतं फक्त कावू. कावूला तर माझा फेटल पुश, म्हणजे स्वस्त क्रीचर मारणारं कार्ड, पुरला असता. पुढच्या टर्नला उतरतो तो सायन, चार-चारचा, उडणारा, आणि लेलाइनमुळे सगळ्या रंगांचा असल्याने हेक्सप्रूफसुद्धा. म्हणजे आता नेम धरून मारणारं माझं कुठलंच कार्ड त्याला लागत नाही. बळी द्यायला लावणारं एखादं कार्ड हातात नसेल तर उत्तर उरत नाही. त्याला अडवायची खात्रीची वेळ तो हातात असतानाच होती. तो मला दिसत होता आणि मी वाचून परत दिला. हात बघायला मिळणं हा डिस्कार्डचा अर्धा फायदा आहे हे मी मानतो. पण कशाने हरणार ते दोन टर्न आधी कळावं आणि त्यावर काही करता येऊ नये, ही चीड दोन लाइफ गमावण्यापेक्षा मला फार मोठी वाटते.

द वन रिंग सगळीकडे होती त्या काळात हे दुखणं सगळ्यांनाच होतं. चार मानाची रिंग, इन्क्विझिशनच्या एक पाऊल पलीकडे. डिसेंबर 2024 मध्ये रिंगवर बंदी आली तेव्हा आमच्यातल्या काही जणांचं म्हणणं पडलं की आता इन्क्विझिशनवर परत जायला हरकत नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. तुमच्या भागात एनर्जी, प्राउल आणि बर्न अशा स्वस्त कार्डांच्या डेकचाच भरणा असेल तर चार इन्क्विझिशन घेऊन तुम्ही बहुधा माझ्यापेक्षा सुखात राहाल. पण रिंगला निदान खरोखर चार माना मोजावा लागत होता, तोवर आपल्याकडे वेळ होता. सायन आणि सॉलिट्यूड तो वेळ देत नाहीत.

थॉटसीझच्या दोन लाइफचं दुखणं मला बऱ्याच अंशी लँडमधून कमी करता आलं. डेकमध्ये दोन साध्या स्वॉम्प ठेवल्या, आणि पहिल्या टर्नला थॉटसीझ टाकायचं असेल तर फेचने शक्यतो स्वॉम्पच आणतो. मग पाचाऐवजी तीनच लाइफ जातं. पुढच्या टर्नला रंग अडतात अशी भीती असते, पण दुसऱ्या टर्नला काळ्या मानावर येणारे ओर्किश बोमास्टर्सच टाकायचे असतील तर तीही फारशी राहत नाही.

हातात दोन्ही आले तर समोर कोण आहे हे माहीत नसताना मी आधी इन्क्विझिशन टाकतो. हात बघून स्वस्त आणि तातडीचं कार्ड काढायचं, मोठं कार्ड लक्षात ठेवायचं, आणि पुढच्या टर्नला थॉटसीझने ते उचलायचं. या जोडीत इन्क्विझिशन खूप शोभतं, आणि म्हणूनच त्याला मी पूर्ण बाहेर काढलेलं नाही. समोर डोमेन झू आहे हे कळलेलं असेल तर मात्र क्रम उलटा, आधी थॉटसीझच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ड्युरेस क्रीचरला हात लावत नाही, त्यामुळे मुख्य डेकमध्ये मला ते धोक्याचं वाटतं. कंट्रोल आणि कॉम्बो डेकसमोर साइडबोर्डात (पहिल्या गेमनंतर बदलायला ठेवलेल्या कार्डांत) एक-दोन पुरे. हिम टू टूराक मॉडर्नमध्ये चालत नाही, लेगसीत काळ्या मानाची सोय असेल तर अजूनही खेळायला मजा येते.

कलेक्टिव्ह ब्रुटॅलिटी मात्र जपून ठेवा. दोन मानाचं आहे आणि हातातून फक्त इन्स्टंट किंवा सॉर्सरी काढतं, पण बर्नसमोर हातातली जास्तीची दोन कार्डं टाकून एकाच वेळी बोल्ट काढायचा, दोन-दोनचा गॉब्लिन गाइड मारायचा आणि वर दोन लाइफ मिळवायचं, हे सगळं ते करतं. माझ्या साइडबोर्डात ती दोन आहेत. बर्नसमोर दुसऱ्या गेमला चारही थॉटसीझ बाहेर जातात, त्या जागी या दोन ब्रुटॅलिटी आणि दोन स्वस्त रिमूव्हल (क्रीचर मारणारी कार्डं) येतात. इन्क्विझिशन दोन्ही तशीच राहतात. एनर्जीसमोर मी पहिला खेळणार असलो तर दोन थॉटसीझ ठेवतो. दुसरा खेळणार असलो तर तीही काढतो, कारण तोवर गाइड ऑफ सोल्स टेबलावर आलेली असते आणि मला हात बघण्यापेक्षा पुशची गरज जास्त असते.