गँगलियनशेजारी दुसऱ्या पेशी वाढवायच्या, तर कशा?

भ्रूणातून डीआरजी, म्हणजे पाठीच्या कण्यालगतचं संवेदी गँगलियन (चेतापेशींचा पुंजका), अख्खं काढायला हात बसला की पुढचा प्रश्न येतो: दुसऱ्या पेशी त्याच्यासोबत वाढवायच्या कशा? खर्च आणि वेळ यांचा विचार नंतर. आधी हे ठरवा, की तुम्ही शोधताय तो परिणाम पेशींच्या स्पर्शातून होतो, की त्यांच्यातून पाझरणाऱ्या पदार्थातून?

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे कंडिशन्ड मीडियम. पेशींवरचं एक-दोन दिवसांचं माध्यम गाळून गँगलियनला द्यायचं. पहिल्या चाचणीपुरतं ठीक आहे, पण संवाद एकाच बाजूने होतो आणि अल्पायुषी रेणू तोवर नष्ट झालेले असतात. शिवाय ते माध्यम पेशींनी आधीच अर्धवट खाल्लेलं असतं, हे लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग इन्सर्टचा, म्हणजे वेलमध्ये (कल्चर प्लेटच्या खळग्यात) बसणाऱ्या छोट्या कपाचा. त्यात दोघांत सच्छिद्र पडदा असतो. 0.4 मायक्रोमीटरच्या छिद्रांतून प्रथिनं जातात, पेशी जात नाहीत. शेवटी दोन्हींचा आरएनए वेगळा काढता येतो, हा मोठा फायदा. पॉलिकार्बोनेटचा पडदा धूसर असतो. सूक्ष्मदर्शीखाली चेतातंतू पाहायचे असतील तर पीईटी या पारदर्शक प्लास्टिकचा घ्या. मायकोप्लाझ्मा हा कल्चर दूषित करणारा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र या छिद्रांतून सहज जातो, म्हणून एका बाजूच्या पेशी तपासून भागत नाही.

मायेलिनचा, म्हणजे चेतातंतूभोवतीच्या मेदयुक्त आवरणाचा, अभ्यास असेल तर वरचे दोन्ही मार्ग सोडून द्या. हे आवरण बनवणाऱ्या श्वान (Schwann) पेशीला अ‍ॅक्सॉनला, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूला, बिलगूनच त्याभोवती वेढे घालावे लागतात. थेट को-कल्चरमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र वाढवताना, आधी गँगलियनच्या स्वतःच्या श्वान पेशी आणि फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) विभाजनरोधक औषधाने काढा, ते औषध पूर्ण धुऊन टाका, मगच बाहेरच्या श्वान पेशी सोडा. पुढे माध्यमात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल हवंच; त्याशिवाय आधारपटल (पेशीबाहेरचा पातळ थर) नीट बनत नाही आणि मायेलिनही अडतं. हे काम कित्येक आठवड्यांचं आहे. घाईतल्या प्रबंधासाठी ते घेऊ नका. बाहेरच्या पेशींवर जीएफपीसारखी (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासारखी) खूण नसेल, तर कोणती पेशी कोणाची हे शेवटी सांगता येणार नाही.

पाझरणाऱ्या पदार्थाच्या प्रश्नासाठी मला स्वतःला सर्वांत भावते ती जुनी पद्धत: एकाच जेलमध्ये, थोडं अंतर राखून. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी 1952 मध्ये गाठ असलेले उंदीर घेऊन विमानाने रिओ दि जानेरोला गेल्या. तिथे हर्टा मेयर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाचं गँगलियन सार्कोमाच्या, म्हणजे त्या कर्कगाठीच्या, तुकड्याजवळ ठेवलं. 24 तासांत त्याभोवती तंतूंचं दाट वलय उगवलं आणि गाठीच्या बाजूला ते सर्वांत दाट होतं. ही दिशा इन्सर्टमध्ये दिसलीच नसती, कारण तिथे पदार्थ पडद्याखालून सगळीकडे सारखाच येतो. याच कामातून पुढे एनजीएफ (चेतातंतू वाढवणारा घटक) सापडला. 1986 चं नोबेल त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना मिळालं.

त्याच प्रयोगात उंदराच्या निरोगी ऊतींनीही सौम्य वलय उगवलं होतं. तेव्हा लेव्ही-मोंताल्चिनी खचल्या. पुढे उंदराच्या लाळग्रंथीतच एनजीएफचा भरपूर साठा मिळाला. म्हणून कोणतीही पद्धत निवडा, पण एका वेलमध्ये नुसतं गँगलियन, दुसऱ्यात तपासायच्या पेशींऐवजी साध्या फायब्रोब्लास्टसोबत ठेवलेलं गँगलियन, असे दोन कंट्रोल पहिल्या दिवसापासून लावा. पेशीरेषा पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) संग्रहातून मागवता येतात. प्राण्यांच्या ऊतींसाठी मात्र संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी हातात हवी.