विकिपीडिया की ओपनस्ट्रीटमॅप: शनिवारची दुपार कुणाला द्यावी?

दोन्हीकडे खातं उघडलंय, पण वेळ एकालाच देता येईल, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी आधी मराठी विकिपीडियावर रमलो, मग नकाशाकडे, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या ओपनस्ट्रीटमॅपकडे वळलो. जातो अजून दोन्हीकडे.

आमच्या गावाबाहेर एक बारव आहे. तीन बाजूंनी पायऱ्या, उतरताना डाव्या हाताला रिकामा कोनाडा, काठावर उंबर. विकिपीडियावर गावाचा लेख होता, दोनच ओळींचा. त्यात बारव घालावी म्हणून बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. संदर्भ काय देणार? जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं, तालुक्याच्या वाचनालयात जुन्या स्मरणिका पाहिल्या. जत्रेची वर्णनं मिळाली, बारवेचा उल्लेख कुठेच नाही. जिथे मी पोहायला शिकलो, ती जागा मला सिद्ध करता येईना!

नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही. ‘मूळ संशोधन नको’, म्हणजे आधी कुठे छापलेलं नाही ते लिहू नका, ही अट नसती, तर गावागावांचे लेख पांडवांनी एका रात्रीत बांधलेल्या देवळांनी भरून गेले असते. ‘पक्के नियम नाहीत’ हाही विकिपीडियाच्या पाच आधारस्तंभांपैकी एक आहे, पण त्याच्या भरवशावर कुणी बारव उभी करू नये. बारवेचा फोटो मात्र मी कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, चढवू शकलो, तेवढं समाधान.

ओपनस्ट्रीटमॅपचा न्याय उलटा. जमिनीवर जे आहे ते नकाशावर यावं, आणि वाद झालाच तर जागेवर जाऊन बघावं. मी काठावर उभा राहिलो, मोबाइलवर टिंब टाकलं, झालं.

म्हणजे तिथे मोकळं रान आहे असं नाही. टॅग, म्हणजे टिंब कशाचं आहे ते सांगणारी चिठ्ठी, मनाला येईल तो लावता येतो, म्हणून मी हौसेनं ‘बारव’ असाच टॅग लावला. तो कुठल्याच प्रोग्रॅमला कळेना. कुणी अडवलं नाही, पण कुणाला दिसलंही नाही. शेवटी विहिरीचा रूढ टॅग लावला आणि ‘बारव’ मराठी नावाच्या रकान्यात नेलं. गूगलच्या नकाशावरून नावं उतरवायची नाहीत, हा दंडक तर कडकच. आणि 2012 साली नकाशाच्या वापराचा परवाना बदलला तेव्हा ज्यांनी नव्या अटी मान्य केल्या नाहीत, त्यांची भर नकाशावरून काढण्यात आली. मेहनत तुमची असली तरी नकाशा सगळ्यांचा, हे तिथे असं रोखठोक आहे.

सोबतीच्या बाबतीत विकिपीडिया सरस, हे कबूल करायला हवं. तिथे सगळ्यांनी बोलायची चावडी आहे, तीही खरोखर त्याच नावाची. तुम्ही लेख लिहिलात की कुणीतरी येऊन ऱ्हस्व-दीर्घ नीट करून जातं, चर्चापानावर दोन शब्द बोलतं. नवशिक्याला गिरवायला धूळपाटीही आहे. नकाशावर मराठीत बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. बदलाखाली लिहिलेली टिपणं बहुधा मी एकटाच वाचतो.

तेव्हा घरात पुस्तकांचं कपाट असेल, संदर्भ शोधण्यात रात्र सरत असेल, तर विकिपीडियावर जा, तिथे हात हवेच आहेत. पाय घरात टिकत नसतील, आणि डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्या कुणी छापल्याशिवाय खरं ठरत नाही याचा माझ्यासारखाच जाच होत असेल, तर नकाशा बरा, असं मला आपलं वाटतं. सुरुवात स्वतःच्या गल्लीपासून करा. पिठाची गिरणी, हातपंप, पाराचा वड.

परवा सहज पाहिलं, तर माझ्या टिंबापाशी कुणीतरी पायऱ्यांची रेघ काढून ठेवली होती. खातं ओळखीचं नव्हतं. पायऱ्या तिन्ही बाजूंना, बरोबर.