माळ टिकली, पताका उतरल्या: वर्गसाहित्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात पहिली-दुसरीच्या जोडवर्गासाठी बरंच साहित्य घरी बनवलं, थोडं कोल्हापुरातून विकत आणलं. शाळा गगनबावड्याकडची, म्हणजे जून ते सप्टेंबर नुसता पाऊस आणि भिंतींना ओल. आता मार्च आलाय. २३ पोरांच्या हातून गेल्यावर काय कामाला आलं ते लिहिते.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती शंभर मण्यांची माळ. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर मणी. पहिली माळ साध्या दोऱ्यात ओवली होती, ती ऑगस्टमध्ये तुटली आणि मणी बाकांखाली पसरले. दुसरी बुटाच्या लांब नाडीत ओवली, ती अजून शाबूत आहे. ओवताना चार बोटं नाडी मोकळी सोडा, नाहीतर मणी सरकत नाहीत.

या माळेनं माझा एक जुना प्रश्न सोडवला. ‘एकोणतीस’ म्हटलं की मुलं हमखास ३९ लिहितात, कारण कानाला ‘तीस’ ऐकू येतं. आता मी तिसाव्या मण्याच्या पुढे कपड्यांचा चिमटा लावायला सांगते आणि मग म्हणते, ‘एक उणा कर.’ चिमटा एक मणी मागे येतो. डावीकडे दोन पूर्ण दशक आणि नऊ सुटे मणी राहतात. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळे असेच सापडतात. नव्व्याण्णव तेवढा त्या चालीत बसत नाही. तो वेगळाच सांगावा लागतो. दुसरीतली एक मुलगी तर आता माळेशिवाय, हवेतच बोट मागे सरकवून उत्तर देते. ते पाहिलं तेव्हा मला खरोखर भरून आलं.

विकतच्या मुळाक्षरांच्या तक्त्याबद्दल मात्र सावध करते. आमच्या तक्त्यात ‘ळ’च नव्हता! तो मुळात हिंदी वर्णमालेचा, वर मराठी शब्द चिकटवलेले. शाळा, फळा, बाळ, माळ हे रोजचे शब्द आणि अक्षर भिंतीवर नाही. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श पाहणारं पोर गोंधळतं. घेण्याआधी दुकानातच तक्ता उघडून ही तीन अक्षरं बघा. फ्लेक्सवर छापलेला असेल तर खिडकीचा उजेड कुठून पडतो तेही बघा. आमच्याकडे मागच्या बाकांना फक्त चकाकी दिसायची. मी तो उतरवला आणि कार्डशीटवर जाड स्केचपेननं स्वतः अक्षरं काढली.

ही अक्षरकार्डं लॅमिनेट केली, १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्ये. पहिल्या खेपेला चूक झाली: आख्खा कागद लॅमिनेट करून मग कार्डं कापली. कडा उघड्या पडल्या, जुलैत ओल आत शिरली आणि थर सुटले. दुसऱ्यांदा आधी कापून, कोपरे गोल करून, मध्ये अंतर ठेवून पाऊचमध्ये मांडली आणि भोवती तीन-चार मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडली. ती आजही पुसून वापरतोय. वेळ दुप्पट लागतो, पण तसंच करा.

डीएडला शिकलेला खादी फलक मी जवळजवळ विसरले होते. प्लायवर खादी ताणून बसवायची आणि चित्रांच्या मागे काचकागदाचा (लाकूड घासायच्या खरखरीत कागदाचा) तुकडा खरखरीत बाजू बाहेर ठेवून चिकटवायचा. चित्र नुसतं टेकवलं की धरून राहतं. ओल्या भिंतीवर दोन्ही बाजूंची टेप दोन दिवसांत सुटते, हा मात्र पूर्ण पावसाळा चालला. गोष्ट सांगताना पात्रं मुलंच हलवतात.

आता सजावट. प्रवेशोत्सवासाठी घोटीव कागदाच्या पताका, लोंबती फुलं, फुलपाखरं, तीन रात्री जागून केली होती. पहिल्या दिवशी वर्ग सुंदर दिसला, रडणारी दोन पोरं वर बघत गप्प झाली, तेवढ्यासाठी तो खटाटोप सार्थ वाटतो. पण त्या महिनाभर तशाच ठेवायला नको होत्या. वाऱ्यानं पताका हलल्या की डोळे वर. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या २४ मुलांना साध्या आणि खूप सजवलेल्या खोलीत धडे देऊन पाहिले होते. सजवलेल्या खोलीत लक्ष जास्त भरकटलं आणि शिकणंही कमी झालं. मी जुलैत पताका काढल्या. आता फळ्याची भिंत मोकळी असते. बाजूच्या भिंतीला मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर सुतळी बांधून चिमट्यांनी त्यांचीच चित्रं लावते आणि दर शनिवारी बदलते. स्वतःच्या चित्रासमोर पोरं थांबतात, खालचं नाव वाचतात, शेजारचंही वाचतात.

येत्या मेमध्ये पताका पहिल्या आठवड्यापुरत्याच करीन. माळा मात्र सहा करायच्या आहेत, चार पोरांत एक, आणि मणी थोडे मोठे घ्यायचेत. आताच्या बारीक मण्यांमध्ये पहिलीच्या बोटांना चिमटा नीट बसवता येत नाही.