मुरमावर टिकणारा, चिखलात जड न होणारा: शाळेच्या फुटबॉल संघासाठी चेंडू कुठला घ्यावा?

जून उजाडला की कोल्हापुरातल्या शाळांत पी.टी.च्या सरांची दोन कामं एकदमच सुरू होतात, संघ निवडायचा आणि सामान आणायचं. पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांचा हंगाम शाहू स्टेडियमवर रंगतो तो पाऊस ओसरल्यावर. शालेय स्पर्धा मात्र ऐन पावसाळ्यात येतात. त्यामुळे तालमीच्या संघाला चालणारं सामान शाळेला जसंच्या तसं चालत नाही. शाळेचा सुरुवातीचा सराव घट्ट, खडीसारख्या मुरमावर होतो आणि सामना घोट्याएवढ्या चिखलात. एकाच चेंडूकडून दोन्हीची अपेक्षा ठेवली की ऑगस्टमध्ये पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

आमचं मत आधीच सांगतो. रोजच्या सरावाला रबरी मोल्डेड चेंडू घ्या, सामन्याला पीयू (पॉलियुरेथेन) या मऊ प्लास्टिकच्या आवरणाचा घ्या, आणि सामन्याच्या आधीचे चार-पाच दिवस सराव पीयूवरच घ्या. वीस जणांच्या संघाला सरावाचे दहा चेंडू म्हणजे दोघांत एक, आणि सामन्याचे दोन. चार महाग चेंडू घेऊन वीस पोरांना रांगेत उभं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळून दाखवलं. तिथवर नेणारा पायाचा स्पर्श बाराव्या-तेराव्या वर्षी घडतो, आणि तो रांगेत उभं राहून घडत नाही.

आता एकेक प्रकार. रबरी मोल्डेड चेंडूत ब्लॅडरवर, म्हणजे आतल्या हवेच्या पिशवीवर, नायलॉनचा धागा गुंडाळलेला असतो आणि वरून रबराचं आवरण साच्यात भाजून चिकटवलेलं असतं. वरच्या षटकोनी-पंचकोनी रेघा नुसत्या ठशाच्या, शिवण कुठेच नाही. म्हणून मुरमावर उसवायला काही नाही आणि पाणी आत शिरायला वाट नाही. दोष दोन. एक, चेंडू टणक असतो आणि उसळी जास्त घेतो, त्यामुळे त्याच्यावरच सराव केलेल्या पोराचा पहिला ट्रॅप, म्हणजे येणारा चेंडू पायाखाली थांबवणं, सामन्यात चुकतो. दुसरा, पंक्चर झाला की संपला. आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असल्यानं ब्लॅडर बदलता येत नाही. मैदानाच्या कडेला बाभळी असतील तर सराव सुरू करण्याआधी काटे वेचायला पाच मिनिटं द्याच. लहान गटाला या चेंडूवर हेडिंग शिकवू नका. कपाळाला लागलं की पोर पुढच्या वेळी डोळे मिटतं, आणि ती सवय मोडायला वर्ष जातं.

शिवलेला चेंडू म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो बत्तीस तुकड्यांचा, वीस षटकोन आणि बारा पंचकोन. जालंधर आणि मेरठ ही आपल्याकडची याची मोठी केंद्रं. आवरण पीव्हीसीचं असेल तर स्वस्त आणि कडक, पीयूचं असेल तर मऊ आणि पायाला बरं. दुकानात फरक ओळखायचा तर अंगठ्यानं दाबून बघा. पीयू दबतं, बारीक सुरकुती पडते आणि अंगठा काढल्यावर सावकाश भरून येतं. पीव्हीसी चकचकीत असतं, फारसं दबत नाही.

मुरमावर शिवलेला चेंडू कसा मरतो ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. तुकड्याचा मधला भाग शाबूत असतो, झिजते ती शिवणीजवळची उंच कड. आधी तिथली छपाई जाते, मग पीयूची साल निघते, मग खालचं पांढरट कापड दिसायला लागतं आणि दोरा उघडा पडतो. उघडा दोरा मुरमाच्या टोकदार खड्यानं तुटायला वेळ लागत नाही. एक-दोन टाके सुटले की त्या जागेतून ब्लॅडर फुगून बाहेर येऊ बघतं आणि चेंडूला पोट सुटतं. असा चेंडू सरळ मारला तरी वळतो. पावसात याच फटीतून पाणी आत जातं, अस्तराचं कापड ते शोषून घेतं आणि उत्तरार्धात चेंडू दगडासारखा जड होतो. शिवण दोन बोटांइतकीच उसवली असेल आणि पोट सुटलं नसेल तर मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं, दोन सुयांनी शिवून घेता येते. त्यापुढे गेलेला चेंडू गोलकीपरच्या हातानं फेकण्याच्या सरावाला ठेवा.

तिसरा प्रकार उष्णतेनं तुकडे चिकटवलेल्या, म्हणजे थर्मोबाँडेड चेंडूचा. चिखलात याला तोड नाही, कारण शिवणीची भोकंच नाहीत. पण मुरमावर जोडाची कड सुटायला लागली की दुरुस्ती नाही. शाळेनं घ्यायचा तर एकच घ्यावा आणि फक्त पावसातल्या सामन्याला काढावा.

ब्लॅडरबद्दल एक शब्द. लेटेक्सचं, म्हणजे नैसर्गिक रबराचं ब्लॅडर मऊ आणि उसळीला सुंदर, पण हवा रोज थोडी-थोडी सोडतं. ब्युटिल या कृत्रिम रबराचं हवा आठवडेच्या आठवडे धरतं. शाळेत रोज सकाळी बारा चेंडू भरत बसायला कुणाला वेळ नसतो, तेव्हा ब्युटिलच मागा.

चेंडूवर मोठ्या अक्षरांत ‘मॅच बॉल’ किंवा ‘प्रोफेशनल’ छापलेलं असणं म्हणजे त्याची चाचणी झाली असं नव्हे. चाचणी झालेल्या चेंडूवर ‘फिफा क्वालिटी प्रो’, ‘फिफा क्वालिटी’ किंवा ‘फिफा बेसिक’ यांपैकी एक शिक्का असतो. शाळेला तिसराही पुरतो. शिक्का नसेल तर स्वतः मोजा, त्याला शिंप्याची टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढंच लागतं. ५ नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवं. घेर तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. तिन्ही आकड्यांत सेंटिमीटरभर फरक आला तर चेंडू गोल नाही, परत करा. मग २ मीटर उंचीवरून फरशीवर नुसता सोडा. फिफाच्या ‘क्वालिटी’ चाचणीत स्टीलच्या पट्ट्यावर १२५ ते १५५ सेंटिमीटर उसळी अपेक्षित असते. फरशीवर अगदी तेवढीच येणार नाही, पण दहा चेंडूंतला कुठला वेगळा वागतो ते लगेच कळतं. पाचवी-सहावीच्या पोरांना ४ नंबर द्या, ६३.५ ते ६६ सेंटिमीटरचा. स्पर्धेत कुठल्या गटाला कुठला नंबर ते त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहूनच खरेदी करा.

चेंडू खराब होण्याचं सगळ्यांत मोठं कारण हवा आहे, मैदान नंतर. सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर पोरं चेंडू धरतात आणि ठण्ण वाजेपर्यंत भरतात. नियमांत ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) इतकी मोकळीक आहे, पण वरचा आकडा शाळेच्या चेंडूसाठी नाही. कोरड्या मुरमावर ८.५ ते ९ ठेवा म्हणजे उसळी आटोक्यात राहते आणि शिवणीवर ताण येत नाही. चिखलात १० ते ११ करा, नाहीतर पास अर्ध्यात थांबतो. शिवाय सकाळी २० अंशांत ९ भरलेला चेंडू दुपारी पत्र्याच्या खोलीत ४० अंशांवर गेला की आतला दाब दीडेक पीएसआयनं आपोआप वाढतो. म्हणून चेंडू पत्र्याखाली ठेवायचेच असतील तर उन्हाळ्यात हवा थोडी कमी करून ठेवा. गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, असलेला हातपंप घ्या, पहिल्याच महिन्यात पैसे वसूल होतात. आणि सुई कोरडी कधीच खुपसू नका. ग्लिसरिनचा एक थेंब लावा आणि सरळ, न पिळता आत घाला. व्हॉल्व्हचं रबर आतून चिरलं की चेंडू रोज रात्री बसतो आणि पंक्चर मात्र कुठेच सापडत नाही.

बुटांचं थोडक्यात. लोखंडी स्टड, म्हणजे तळाला असलेले खुंट, शाळेच्या पोरांना नकोतच. मुरमावर आखूड आणि जास्त स्टड असलेला टर्फ सोल, चिखलात मोल्डेड लांब स्टड. एकच जोड परवडत असेल तर मोल्डेड घ्या. पुढच्या वर्षीही यावेत म्हणून एक नंबर मोठे घेतलेले बूट टाच सोलतात आणि बोटांची नखं काळी करतात. पुढे अर्ध्या अंगठ्याएवढी जागा पुरे. सोल नुसता चिकटवलेला असतो आणि चिखलात तोच आधी सुटतो, तेव्हा बूट नवे असतानाच चांभाराकडून कडेनं मेणदोऱ्याची शिलाई मारून घ्या. कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्या गावात हे काम हातासरशी होतं. ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला.

शिनगार्ड नियमानं सक्तीचे आहेत आणि मोज्यांनी पूर्ण झाकलेले हवेत. जास्तीच्या दोन जोड्या सरांच्या पिशवीत असू द्या.

जर्सीत फसगत होते ती छपाईत. सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेनं रंग कापडात उतरवायची छपाई फक्त पॉलिस्टरवर धरते आणि मूळ कापड पांढरं किंवा फिकट लागतं, कारण रंग धाग्यातच मुरतो. म्हणून ती धुऊन जात नाही. नंबर वरून चिकटवलेले असतील तर काही धुण्यांनंतर कोपरे उचलतात. तशी जर्सी उलटी करून थंड पाण्यात धुवा आणि नंबरावर इस्त्री फिरवू नका. कापड १४० ते १६० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) घ्या. त्याहून पातळ कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि ओढाताणीत फाटतं. माप घेताना छातीच्या घेरात चार इंच वाढवा, आणि तीच मापं वर्गवार वहीत लिहून ठेवा. गोलकीपरची जर्सी दोन्ही संघांपेक्षा आणि पंचांपेक्षाही वेगळ्या रंगाची लागते, म्हणून त्याच्या दोन रंगांत शिवा. बाकी संघासाठी दुसरा सेट परवडत नसेल तर विरुद्ध रंगाच्या बिब्स (जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) चालवून घेतात का ते आयोजकांना आधीच विचारा.

शाळेचं नाव मराठीत छापायचं असेल तर नमुना डोळ्यांखालून घातल्याशिवाय होकार देऊ नका. जुन्या फाँटमधून नव्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर गेला की जोडाक्षरं फुटतात. ‘विद्यार्थी’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ‘क्रीडा’चा ‘क् रीडा’ होतो. व्हॉट्सअॅपवर आलेला नमुना मोठा करून एकेक अक्षर वाचा, आणि नंबरांची यादी स्पर्धेच्या प्रवेशअर्जातल्या यादीशी ताडून पाहा. अर्जात ७ नंबर एकाचा आणि पाठीवर ७ दुसऱ्याच्या असं झालं तर सामन्याआधीच पंचांशी वाद होतो. जून-जुलैत सगळ्याच शाळांच्या ऑर्डरी एकदम पडतात, तेव्हा किमान तीन आठवडे हाताशी ठेवून कापड ठरवा.