तीन जुन्या लेन्स, एक अडॅप्टर आणि नऊ महिने

हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स मी गेले नऊ महिने एका फुल-फ्रेम मिररलेस (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर सातत्याने वापरत आहे. पहिल्या महिन्यातच त्यांच्याविषयी लिहिण्याचा मोह झाला होता, पण तेव्हा लिहिले असते तर त्यातील निम्मी विधाने आज मागे घ्यावी लागली असती. त्या काळात मी ज्याला लेन्सचा स्वभाव समजत होते, तो बऱ्याच वेळा अडॅप्टरचा (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या मधल्या नळीचा) दोष, जुन्या दुरुस्तीची खूण किंवा माझीच मोजण्यातली चूक निघाली. हा अनुभव प्रामुख्याने तीन लेन्सचा आहे: हेलिओस-४४-२ (५८ मिमी, एफ/२), सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ आणि कार्ल झाइस येना येथील पँकोलार ५० मिमी एफ/१.८.

तिन्ही लेन्स मुद्दाम एकाच माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला बसण्याच्या एकाच जोडणीच्या निवडल्या. एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाचे आणि दोन आट्यांमध्ये १ मिमी अंतर असलेले साधे स्क्रू-माउंट. ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या १९४९ च्या कॅमेऱ्यावर ते आले आणि नंतर पूर्व जर्मनी, जपान व सोव्हिएत संघ या तिन्ही ठिकाणच्या कारखान्यांनी त्यासाठी लेन्स बनवल्या. त्यामुळे तीन वेगळ्या परंपरांच्या लेन्स एकाच अडॅप्टरवर, एकामागून एक लावून पाहता येतात. माझ्या तिन्ही लेन्सच्या पुढच्या फिल्टरचे आटेही ४९ मिमीचेच आहेत, त्यामुळे एकच हूड (बाजूचा प्रकाश अडवणारी पुढची कड) तिघींना पुरतो. तुलना करायची असेल तर ही सोय लहान नाही.

अडॅप्टरविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझे दोन महिने त्यानेच वाया घालवले. एम४२ लेन्सची बैठक आणि फिल्म यांतील अंतर ४५.४६ मिमी असते. सोनीच्या ई-माउंटमध्ये हेच अंतर १८ मिमी आहे, तेव्हा मधल्या नळीची जाडी २७.४६ मिमी भरायला हवी. या जाडीत केवळ ०.१ मिमी जास्त झाले, तर ५० मिमीची लेन्स सुमारे २५ मीटरच्या पलीकडे फोकस होतच नाही. २८ मिमीच्या लेन्सची तर आठ मीटरच्या आसपासच दमछाक होते. बहुतेक उत्पादक म्हणूनच अडॅप्टर किंचित पातळ ठेवतात. त्याने लेन्स अनंताच्या थोडी पलीकडे जाते आणि तिच्यावर कोरलेले अंतराचे आकडे चुकतात. साध्या रचनेच्या लेन्सला याहून मोठा त्रास होत नाही. माझा पहिला अडॅप्टर नेमका जाड होता. दूरच्या डोंगरकडा पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (पात्यांनी लहान-मोठ्या होणाऱ्या प्रकाशछिद्राला; एफ/ नंतरचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) मऊ येत आणि एफ/८ ला ठीक दिसत, त्यामुळे मी सरळ निष्कर्ष काढला की हेलिओस उघड्यावर कमजोर आहे. दोष उघडकीस आला तो पँकोलारही त्याच अंतरावर तशीच मऊ दिसली तेव्हा.

दुसरा अडॅप्टर जाडीला बरोबर होता, पण त्याच्या नळीची आतली बाजू काळी असूनही चकचकीत होती. एसएलआर, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यासाठी बनलेली लेन्स फ्रेमच्या चौकटीपेक्षा मोठे प्रकाशवर्तुळ आत पाडते, आणि चौकटीबाहेरचा प्रकाश नळीच्या भिंतीवर आपटून सेन्सरवर पसरतो. खिडकीसमोर काढलेल्या प्रत्येक चित्रावर जो पांढुरका पडदा येत होता, त्याला मी जुन्या कोटिंगचा (भिंगांवरच्या परावर्तन कमी करणाऱ्या थराचा) सौम्यपणा मानत होते. नळीच्या आत मखमली काळा कागद चिकटवला आणि त्या पडद्याचा मोठा भाग नाहीसा झाला. पूर्वी काढलेल्या ज्या चित्रांचे या सौम्यपणासाठी कौतुक झाले होते, त्यांच्याकडे आता थोड्या संकोचाने पाहते.

एम४२ मध्ये आणखी एक लहान गुंता असतो. ऑटो-अ‍ॅपर्चर लेन्सच्या मागे एक खिळी असते आणि ती दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. त्यासाठी अडॅप्टरच्या आत एक कडा ठेवलेली असते. ती कडा खिळी प्रमाणाबाहेर दाबत असेल तर लेन्स आट्यांत शेवटपर्यंत बसत नाही. टाकुमारला खिळीबरोबरच हाताने पाती मिटवण्याचा खटकाही आहे, आणि हेलिओस-४४-२ ला खिळीच नाही. पँकोलारसाठी मात्र कडा असलेला अडॅप्टर लागलाच.

तुलना करताना मी एक ठरावीक पद्धत पाळली. कॅमेरा तिवईवर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स कायम, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, आणि फोकस दहा पट मोठे करून. प्रत्येक अ‍ॅपर्चरला फोकस पुन्हा केला, कारण निदान माझ्या टाकुमारमध्ये एफ/१.४ वरून एफ/२.८ वर जाताना फोकसचे प्रतल थोडे सरकते, आणि उघड्यावर फोकस करून मग पाती मिटवली तर ती विनाकारण मऊ ठरते. फोकस पीकिंगवर (फोकस झालेल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीवर) मी आता विसंबत नाही. उघड्या अ‍ॅपर्चरला जी लेन्स प्रकाशाची हलकी झालर देते, तिच्या कडांना पीकिंगचा रंग उशिरा आणि भलत्याच ठिकाणी लागतो. भिंतीवरचे छापील वर्तमानपत्र टिपून लेन्स जोखण्याची सवयही मी सोडली. जुन्या लेन्सचे फोकसचे प्रतल बऱ्याचदा सपाट नसून वाकलेले असते, म्हणून जवळच्या सपाट भिंतीवर कोपरे वाईट दिसतात आणि प्रत्यक्ष दृश्यात तेवढे वाईट दिसत नाहीत.

हेलिओसची कीर्ती तिच्या गरगरणाऱ्या पार्श्वभूमीमुळे आहे. ती झाइसच्या युद्धपूर्व बायोटार ५८ मिमी एफ/२ या रचनेवर आधारलेली आहे. चार गटांत सहा भिंगे, डबल गॉस पद्धतीची, म्हणजे छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी मांडलेली. कडेकडे जाणारे प्रकाशकिरण लेन्सच्या नळीतच अंशतः अडतात, त्यामुळे तिथले धूसर ठिपके गोल न राहता लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि केंद्राभोवती रांगेत उभे राहिल्यासारखे दिसतात. अस्टिग्मॅटिझम (वेगवेगळ्या दिशांच्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर फोकस होण्याचा दोष) आणि वाकलेले प्रतल त्यात भर घालतात. हा परिणाम हवा तेव्हा मिळत नाही, हे मला वापरातूनच कळले. माणूस दीड-दोन मीटरवर, त्याच्या मागे पाच-सात मीटरवर पानांची दाट जाळी आणि पानांतून झिरपणारा प्रकाश असेल, तरच भोवरा दिसतो. पार्श्वभूमी फार दूर किंवा साधी असेल तर तो विरघळतो, एफ/४ ला जवळपास संपतो, आणि लहान सेन्सरवर तर चित्राची ज्या कडेत हे घडते ती कडाच कापली जाते. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक झाडासमोर लोकांना उभे करत असे; आता त्या चित्रांतले बहुतेक चेहरे भोवऱ्यापुढे हरवलेले वाटतात.

भोवरा बाजूला ठेवला तर हेलिओस मला एका वेगळ्याच कारणासाठी आवडू लागली. तिला अ‍ॅपर्चरच्या दोन कड्या आहेत. एकीवर हवे ते मूल्य आधी बांधून ठेवायचे आणि दुसरी, न अडखळणारी कडी फिरवून उघड्यावरून त्या मूल्यापर्यंत यायचे. ही व्यवस्था फिल्मच्या काळात जुनाट ठरली होती. मिररलेस कॅमेऱ्यावर मात्र डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता उघड्यावर फोकस करून लगेच पाती मिटवता येतात. आठ पात्यांचे छिद्र एफ/४ लाही बऱ्यापैकी गोल राहते. केंद्र उघड्यावरच तपशीलवार आहे, कोपऱ्यांसाठी एफ/८ पर्यंत थांबावे लागते.

टाकुमारची गोष्ट पिवळेपणापासून सुरू होते. माझी लेन्स सात भिंगांच्या आवृत्तीची आहे आणि तिच्या एका काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलेले आहे. त्याने काचेचा अपवर्तनांक वाढतो, पण थोरियमच्या किरणोत्सारामुळे काचेत वर्षानुवर्षे रंगकेंद्रे साठत जातात आणि ती चहाच्या रंगाची होते. लेन्स हाती आली तेव्हा पांढऱ्या कागदावर धरली असता फिकट काढ्यासारखी सावली पडत होती. पुढचे-मागचे झाकण काढून, खाली चांदीचा कागद पसरून, अल्ट्राव्हायोलेट एलईडी दिव्याखाली मी ती अकरा दिवस ठेवली. त्याच भिंतीवर, त्याच प्रकाशात आधी १/१२५ लागणारा शटरवेग नंतर १/२०० झाला, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) परत मिळाला. हेच काम उन्हात करण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो घेतला नाही, कारण उष्णतेने आतील वंगण पातळ होऊन पात्यांवर पसरते आणि उघडी लेन्स उन्हात भिंगाचे काम करून काहीही पेटवू शकते. दिव्याकडे थेट पाहू नये, हे वेगळे सांगायला नको. किरणोत्साराविषयी माझे मत असे की कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात काळजीचे कारण नाही. ती काच घासणे, फोडणे किंवा आयपीस म्हणून डोळ्याला लावून बसणे मात्र कटाक्षाने टाळावे.

स्वच्छ झालेली टाकुमार ही तिघींत मला सर्वांत जास्त समजून घ्यावी लागलेली लेन्स आहे. एफ/१.४ ला तपशील असतो, पण त्यावर झालर असते. एफ/२ ला ती झपाट्याने आवरते आणि एफ/४ ला कोपऱ्यांसह चित्र भरीव होते. म्हणजे एकाच लेन्समध्ये दोन लेन्स आहेत आणि कडी किती फिरवायची यावर कोणती मिळेल ते ठरते. तिच्या फोकसच्या कडीचा गुळगुळीतपणा इतका एकसारखा आहे की तिच्यानंतर नव्या लेन्सची विजेवर चालणारी कडी निर्जीव वाटते. समोरून येणाऱ्या प्रकाशाला मात्र ती लवकर हार मानते. टाकुमार बनवणाऱ्या असाहीने सात थरांचे सुपर-मल्टी-कोटिंग १९७१ मध्ये आणले आणि माझी लेन्स त्याआधीची आहे, म्हणून हूड ही तिची गरजच आहे.

पँकोलारविषयी थोडक्यात लिहिते, आणि हा तिचा अपमान नाही. माझी प्रत नंतरच्या काळातील, बहुथरी कोटिंगची आहे. ती उघड्यावर तिघींत सर्वांत विश्वासार्ह आहे, तिचा कॉन्ट्रास्ट आजच्या लेन्सच्या जवळ जातो आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. हेलिओसची मर्यादा अर्ध्या मीटरची असल्याने फुले, हातातल्या वस्तू, ताटातले पदार्थ यांसाठी पँकोलारच हाती येते. तिच्या पात्यांवर तेल आले आहे. मूळ कॅमेऱ्यावर त्यामुळे पाती आळसावली असती आणि चित्रे जास्त उजळ आली असती. अडॅप्टरवर पाती आधीच मिटलेली असल्याने फरक पडत नाही. तेलाची वाफ पुढे भिंगांवर बसू शकते, म्हणून दर महिन्याला टॉर्चने आत पाहून घेते.

एक हिशेब मी उशिरा केला, तो इथे नोंदवते. हेलिओसच्या छिद्राचा व्यास ५८ भागिले २, म्हणजे २९ मिमी. पँकोलारचा सुमारे २७.८ मिमी, टाकुमारचा ३५.७ मिमी. माणूस चौकटीत सारख्याच आकाराचा ठेवला तर दूरची पार्श्वभूमी किती धूसर होणार हे याच व्यासावर ठरते. हेलिओस आणि पँकोलार यांच्या धूसरपणाच्या प्रमाणात जेमतेम चार टक्क्यांचा फरक आहे. डोळ्याला जो मोठा फरक जाणवतो तो धूसरपणाच्या आकाराचा आहे, प्रमाणाचा नाही.

सहाव्या महिन्यात मी दुसरी हेलिओस-४४-२ मिळवली. उद्देश एवढाच होता की पहिलीविषयीची माझी मते पडताळून पाहावीत. दोन्हींच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहिले. सोव्हिएत लेन्समध्ये ते बहुतेक वेळा निर्मितीचे वर्ष सांगतात, आणि दोन्हींमध्ये तीनच वर्षांचे अंतर होते. मग एका दूरच्या मनोऱ्याचे टोक आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून एफ/२.८ ला चित्रे काढली. पहिलीचे चारही कोपरे सारखेच मऊ होते. दुसरीचे डावीकडचे दोन कोपरे पहिलीपेक्षा सरस होते आणि उजवीकडचा खालचा कोपरा एफ/८ लाही सावरला नाही. पुढच्या कडीच्या खाचांवर ओरखडे होते, म्हणजे ती कोणीतरी उघडून पुन्हा बसवलेली होती आणि एखादे भिंग तिरके राहिले होते. विक्रेत्याने ‘कारखान्यातून आल्यापासून न उघडलेली’ असे लिहून दिले होते. या दोन हेलिओसमधला फरक मला हेलिओस आणि पँकोलार यांच्यातील फरकापेक्षा मोठा वाटला, आणि त्यानंतर ‘हेलिओस अशी असते’ हे वाक्य मी लिहिण्याचे थांबवले.

म्हणून आता लेन्स घेताना नाव शेवटी पाहते. आधी मागून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे आहेत का ते बघते, स्क्रूंच्या डोक्यांवर आणि कड्यांच्या खाचांवर ओरखडे शोधते, फोकसची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे जड होते ते पाहते, आणि शक्य असेल तर चार कोपऱ्यांची चाचणी करते. पुढच्या भिंगावरच्या बारीक चऱ्यांना मी आता फारसे घाबरत नाही, मागच्या भिंगावरच्या मात्र टाळते, कारण सेन्सरच्या जवळ असल्याने त्या चित्रात लवकर उतरतात. चामड्याच्या मूळ पिशव्या दिसायला सुंदर असतात, पण त्यांत ओल धरते. लेन्स त्यातून काढून ४५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवल्या आहेत.

रोजच्या वापरातल्या दोन अडचणी अजून सुटलेल्या नाहीत. कॅमेऱ्याला लेन्सचे अ‍ॅपर्चर कळत नाही, त्यामुळे चित्राच्या नोंदीत ते येत नाही आणि मी खिशात वही बाळगते. वही विसरले की तुलना तिथेच संपते. शिवाय कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाला लेन्स बदलताना दर वेळी ५८ किंवा ५० हा आकडा हाताने द्यावा लागतो. धावणारी मुले आणि प्राणी यांच्यासाठी या लेन्स मी बाहेर काढतच नाही. सध्या कॅमेऱ्यावर टाकुमार आहे, आणि उजव्या कोपऱ्याने मार खाल्लेली दुसरी हेलिओस दुरुस्तीच्या साधनांची वाट पाहत कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे.